वरचा हूक

भंगारबाजारात सासऱ्याने तो हूक दोन्ही हातांनी उचलला आणि अनारकूल चालता चालता थांबली. मोठ्या मालट्रकच्या मागचा हूक होता तो, मनगटाएवढा जाड, वर झडप, झडपेला स्प्रिंग. म्हाताऱ्याने झडप उघडून सोडली. खट्ट असा आवाज झाला तशी आजूबाजूच्या दोघाचौघांनी मान वळवली. आपल्याकडे लोकांनी मान वळवून पाहिलेलं बेकमामातला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, फार आवडायचं.

“याला म्हणतात हूक,” तो मुलाला म्हणाला.

मुलगा म्हणजे ताशतान, अनारकूलचा नवरा, घरातला धाकटा. धाकट्याने आईबापांजवळ राहायचं, त्यांचं घर आणि त्यांची गुरं सांभाळायची आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं. पहिल्या दोन गोष्टी ताशतान बऱ्यापैकी करायचा, तिसरी तर अगदी मन लावून.

भंगारवाला ताडपत्रीवर मांडी घालून बसला होता. वडीलधाऱ्याला मान देऊन म्हणतात तसं त्याने विचारलं, “अकसकाल, ट्रॅक्टर कुठला तुमचा?”

“दोन सिलिंडरचा. जुना आहे, पण अंगात रग आहे त्याच्या.”

“मग हा हूक नका नेऊ. ही पट्टी घ्या.” त्याने पायानेच एक भोकाभोकांची लोखंडी पट्टी पुढे सरकवली. “ही ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसते. ट्रॉलीची दांडी हिच्यावर, वरून पिन, पिनेला खिट्टी, आणि पिन तुटलीच तर ही साखळी. लहान ट्रॅक्टरला खालूनच ओढायला लावायचं असतं. वरून ओढायला लावलं की पुढची चाकं उचलतात.”

“आमच्या ट्रॉलीची दांडी उंच आहे.”

“दांडी वाकवून मिळते की. कुठलाही वेल्डर करून देईल.”

“साखळी कुत्र्याला लावतात,” बेकमामात म्हणाला. “आणि मला सांग, घोडा कधी शेपटीनं ओढतो का रे? दोर जीनाला बांधतात, जीनाला! उंचावरून ओढलं म्हणजे मागच्या पायांवर जोर येतो. मी या मांडीखाली दोर दाबून डोंगरावरनं अख्खी झाडं खाली आणलीत. तेव्हा तू तुझ्या बापाच्याही ध्यानीमनी नव्हतास.”

लोक हसले. भंगारवाला पण हसला, कारण गिऱ्हाईक म्हातारं होतं आणि हूक महाग होता.

अनारकूल तीन पावलं मागे उभी होती, हातात साखरेची पिशवी. ती ताशतानकडे बघत होती. ताशतानने पट्टी उचलली, उलटीपालटी केली, भोकातून बोट घालून बघितलं. त्याला पट्टी पसंत पडली होती, हे तिला त्याच्या पाठीवरूनही कळलं. मग त्याने ती होती तिथे जपून ठेवली.

“अता म्हणतात तसं,” तो बापाकडे बघत म्हणाला.

तिने तिथेच तोंड उघडायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी त्या घरात सून होऊन दाखवावं. सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही. त्याचं नाव जिभेवर आणायचं नाही. त्याच्या नावासारखा दुसरा शब्द असला तर तोही बदलून बोलायचा. त्याच्याकडे पाठ करून खोलीबाहेर पडायचं नाही. लग्न झाल्यापासून अनारकूल त्या घरात चहा ओतत होती, आणि म्हाताऱ्याने तिचा आवाज ऐकला असेल तर भिंतीपलीकडून, गाईशी बोलताना.

म्हणून तिने रीतीप्रमाणे केलं. संध्याकाळी गोठ्यात नवऱ्याला गाठलं.

“अहो, तो हूक लावू नका.”

“झालं तुझं सुरू.”

“आमच्या नूरकासिमदादाचं विसरलात? त्यानं सीटखाली साखळी बांधली होती. एका झाडाचा बुंधा काढत होता, बस. ट्रॅक्टर सरळ उभा राहिला आणि त्याच्या अंगावर आला. मी पाणी घेऊन गेले होते त्याच्यासाठी. घोटभर पाजायलाही उरला नाही हो तो.”

ताशतान गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. “मला कशाला सांगतेस? आईला सांग.”

“तुम्ही बोललात तर ऐकतील ते.”

“मी बोललो तर म्हणतील, बायकोनं शिकवून पाठवलंय. आणि खरंच पाठवलंयस. आईला सांग.”

तिने सासूला सांगितलं. बातमाकान वाईट बाई नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, नूरकासिमसाठी उसासा टाकला, चेहऱ्यावरून हात फिरवले. पण नवऱ्यापुढे शब्द टाकायचा म्हणजे त्याच्या सगळ्या कडा आधी घासून घ्यायच्या, ही तिची आयुष्यभराची सवय. जेवताना ती म्हणाली, “सून म्हणते, तिच्या माहेरी ती पट्टी वापरतात.”

“तिच्या माहेरी मेंढीलाही गाय म्हणत असतील,” बेकमामात म्हणाला.

सगळे हसले. पडद्यामागे अनारकूल बोरसोकसाठी पिठाचे तुकडे तळत होती. हसणाऱ्यांत ताशतानचा आवाज तिने ओळखला, आणि कढईतले दोन-चार तुकडे करपले.

शेजारच्या वेल्डरने हूक बसवला, सीटच्या खाली, मागच्या आसाच्या चांगला वीतभर वर. तोही एकदा म्हणाला, “अकसकाल, जरा उंच नाही होत?” आणि उत्तरादाखल घोड्याचं ते सगळं ऐकून मुकाट्याने चष्मा लावून कामाला लागला. वर लाल रंग दिला. तो एवढासा गरीब ट्रॅक्टर आणि त्याच्या पाठीवर ते भलंमोठं लाल लोखंड, एखाद्या पोराला बापाचे बूट घालावेत तसं दिसत होतं.

गवत आणायच्या दिवशी अख्खी गल्ली गोळा झाली. अशा कामाला तिकडे कुणी मजुरी मागत नाही. आज तुझं गवत, उद्या माझं. बायका दाताळी घेऊन आल्या, पुरुष गवत उचलायचे काटे घेऊन आले. नवीन काही घरात आलं की रक्त काढायचं, म्हणून एक मेंढा कापला. बेकमामातने बोटं बुडवून रक्त चाकांना लावलं, हुकाला लावलं. मग सगळे गोलात उभे राहिले, म्हाताऱ्याने दोन्ही तळवे उघडले आणि सगळ्यांनी उघडले. दुवा सुरू झाली. वाट मोकळी असो, चाक हलकं असो, जाणारा हसत परत येवो.

एकदा दुवा देऊन तळवे चेहऱ्यावरून फिरवले की झालं. मग त्यात बदल नाही. दुवा दिलेला हूक उतरवणं म्हणजे म्हाताऱ्याच्या तोंडावर थुंकणं. अनारकूलला हे त्या गोलातल्या कुणाहूनही चांगलं ठाऊक होतं, कारण तेच ती रात्रभर घोकत होती. दुवेच्या शेवटी सगळे ‘ओमिन’ म्हणायच्या आत, नाहीतर कधीच नाही.

“अता,” ती म्हणाली. “तो हूक काढा. खाली पट्टी लावा. चढावर ट्रॅक्टर उभा राहील. ते मरतील.”

बातमाकानने तोंडावर हात दाबला. एका म्हातारीने अपशकुन टळावा म्हणून खाली मान घालून आपल्या छातीवर थू-थू केलं. उघडलेले तळवे तसेच हवेत राहिले. खाली घ्यावेत की नाहीत हे कुणाला कळेना.

बेकमामातने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो बायकोला म्हणाला, “बातमाकान, तुझ्या सुनेला सांग, चहा निवलाय.”

आणि त्याने दुवा पुन्हा पहिल्यापासून म्हटली, जरा मोठ्याने.

ताशतान ट्रॅक्टरकडे जाताना तिच्याजवळून गेला. त्याचे कान लाल झाले होते. “झालं समाधान? चारचौघांत नाक कापलंस माझं.” एवढंच बोलून तो चढून बसला.

वरच्या कुरणावरून गावात यायचं तर मध्ये एक घळ लागते. खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि पलीकडचा खडा चढ चढायचा. घोडा तो चढ दोन उड्यांत घेतो. ट्रॅक्टर पहिल्या गियरमध्ये, इंच इंच.

ट्रॉली गच्च भरली होती, गवत माणसाहून दुप्पट उंच. बायका दाताळी खांद्यावर टाकून मागून चालत होत्या, अनारकूल त्यांच्यात होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. बेकमामात घोड्यावर, चढाच्या वरच्या टोकाला उभा. चढाच्या मध्यावर ट्रॉलीचं एक चाक खड्ड्यात बसलं. ताशतानने एकदा जोर लावला, दोनदा लावला. चाकं जागच्या जागी माती उकरायला लागली.

“भितोस काय!” वरून बापाने आवाज टाकला. “टाच मार त्याला! एक झटका दे!”

ताशतानने इंजिनाचा आवाज चढवला आणि क्लच सोडला.

पुढची चाकं उचलली. आधी हातभर, अगदी सावकाश, जणू ट्रॅक्टर काहीतरी बघायला मान वर करतोय. त्या वेळी क्लचवर पाय दाबला असता तर ती धपकन खाली आली असती आणि लोकांनी रात्री जेवताना त्यावर विनोद केले असते. पण ताशतान लहानपणापासून घोड्यावर वाढलेला. घोडा दोन पायांवर उभा राहिला तर काय करायचं, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. लगाम सैल सोडायचा, पुढे झुकायचं, मानेला मिठी मारायची. त्याने स्टिअरिंगला मिठी मारली. पाय वर घेऊन इंजिनाच्या दोन्ही अंगांना आवळले. क्लचवर पाय उरलाच नाही.

“क्लच!” अनारकूल किंचाळली. “अहो, क्लच दाबा!”

वर चढाच्या टोकाला बेकमामात रिकिबीत उभा राहिला होता, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. पोरगा बसलाय बघा कसा.

मग ट्रॅक्टर मागे उलटला.

गवताने ताशतानला वाचवलं, असं सगळे म्हणतात. डोकं गवतात गेलं. कंबर मात्र चाकावरचा पत्रा आणि ट्रॉलीची लोखंडी चौकट यांच्यामध्ये सापडली. तालुक्याच्या इस्पितळात तीन डॉक्टरांनी बघितलं, मग मोठ्या शहरात आणखी काहींनी. घरी आणला तेव्हा पाय होते त्याला, पण नुसते जागेवर होते.

भेटायला माणसांची रीघ लागली. कुणी लोणी आणलं, कुणी घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची पिशवी. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून हवं असायचं, आणि बातमाकान प्रत्येकाला सांगायची. पहिल्या आठवड्यात तिच्या सांगण्यात चढ होता, खड्डा होता, क्लच होता. मग एका बाईने मध्येच विचारलं, “पण दुवा चालू असताना तुमची सून काहीतरी बोलली म्हणे?” पुढच्या वेळेपासून गोष्ट तिथूनच सुरू व्हायला लागली. बर्फ जवळ येईपर्यंत गोष्टीत चढ राहिला नाही आणि हूकही राहिला नाही. उरली एक सून, जी दुवा चालू असताना नवऱ्याचं मरण बोलली होती. ‘मरतील’ हा शब्द तर प्रत्येकाने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. गावात ज्यांनी तो ऐकला नव्हता त्यांनीही ऐकला होता.

अनारकूल चहा ओतायची, वाट्या पुढे करायची आणि सगळं ऐकायची. तिला राग यायचा. आपलं खरं ठरलं म्हणून खापर आपल्याच माथी, असा न्याय तिने कुठे ऐकला नव्हता.

एकदा ताशतानच्या मामाने थेट त्यालाच विचारलं. बेकमामात शेजारीच बसला होता, नजर टोपीखाली. अपघातापासून तो अर्धा झाला होता, त्याचे हात रिकामे असले की हलायचे.

“काय रे, असं कसं झालं तुझ्यासारख्या स्वाराचं?”

ताशतानने बापाकडे पाहिलं. मग छताकडे. “हिचं ते बोलणं कानात घुमत होतं,” तो म्हणाला. “हात थरथरला.”

म्हाताऱ्याचे हात हलायचे थांबले. मामाने मान डोलावली. अनारकूलने त्याची वाटी भरली, अर्धीच, कारण पाहुण्याने आणखी बसावं म्हणून अर्धीच भरून द्यायची.

सगळे गेल्यावर तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं. दिवसातून कितीदातरी वळवावं लागायचं, नाहीतर पाठ सोलायची.

“हात थरथरला तुमचा?”

त्याने पांघरूण वर ओढलं.

“मी बघत होते तिथं. हात चांगले घट्ट होते. पाय नव्हता क्लचवर.”

“ठाऊक आहे.”

“हूक उंच होता.”

“ठाऊक आहे मला. बाजारात ठाऊक होतं.” त्याचं तोंड भिंतीकडे होतं. “पट्टीच बरोबर होती.”

“मग लोकांना का नाही सांगत?”

“अतांचं काय राहील मग? बघतेस ना त्यांना? मी जर म्हणालो की तुमच्या हुकानं झालं, तर ते उद्याच्या उद्या मरतील.”

“आणि मी?”

“तू बाहेरून आलेली आहेस,” तो म्हणाला. तो ते प्रेमाने म्हणत होता, हेच वाईट होतं. “तुला सोसेल.”

तिला सोसलं नाही. पण त्या रात्री तिने एक गोष्ट घट्ट धरून ठेवली: त्याला ठाऊक आहे. बाहेर काय बडबडायची ती बडबडू देत. या खोलीत, या एका माणसाला खरं ठाऊक आहे. तेवढ्या एका आधारावर ती पुढचे कितीतरी दिवस उठली, दूध काढलं, त्याला धुतलं, पुसलं, वळवलं.

कुरणावर शेवटचं गवत अजून पडून होतं. बर्फ पडलं की ते गेलंच, आणि गुरं उपाशी. थोरला दीर सुयुनबेक दुसऱ्या गावाहून आला. ट्रॅक्टर तोपर्यंत सरळ करून ठेवला होता. वाकलेला पत्रा ठोकला, स्टिअरिंग बदललं. वेल्डर म्हणाला, “हुकाला ओरखडाही नाही बघा,” आणि त्याच्या आवाजात अभिमान होता.

अनारकूल सुयुनबेकच्या पुढे गेली. थोरल्या दिराशीही असं बोलायचं नसतं. पण आता तिच्याकडे गमवायला रीत उरली नव्हती. “बाइके,” तिने थोरल्याला मानाने हाक मारली, “तो हूक…”

“अगं बाई, पुरे,” सुयुनबेक घाईघाईने म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “पाया पडतो तुझ्या. माझी पोरं लहान आहेत. माझ्याबद्दल काही बोलू नकोस.”

दुवेच्या वेळी तिला गोलात घेतलं नाही. बातमाकान तिचा दंड धरून तिला हळूच गोठ्याकडे घेऊन गेली. “तुझ्याच भल्यासाठी गं,” ती म्हणाली, आणि बाहेरून कडी लावली. अनारकूल गाईच्या पाठीला पाठ लावून बसली. फळ्यांच्या फटीतून घळीचा चढ अर्धा दिसायचा.

दिवस कलता कलता इंजिनाचा आवाज घळीतून यायला लागला. जड, धापा टाकत. ती उठून फटीला डोळा लावून उभी राहिली. आणि तेव्हा तिच्या मनात ते आलं. उचलू देत चाकं. एकदा उचलू देत. सगळ्यांसमोर, म्हाताऱ्यासमोर, आज तर मी तिथे नव्हते, माझं तोंड बंद होतं, आता कुणाचं नाव घ्याल? तिला सुयुनबेकची लहान पोरं आठवली आणि तरीही ते मनातून जाईना. तिने कपाळ फळीवर आपटलं. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती. या माणसांनी तिला कुठवर आणून सोडलं होतं.

ट्रॅक्टर चढून वर आला.

सुखरूप आला. सुयुनबेक भित्रा माणूस, त्याने ट्रॉली निम्मीच भरली होती. गवत जेमतेम फळीच्या वर. शिवाय खड्डा त्याने सकाळीच दगडांनी बुजवून घेतला होता. फटीतून अनारकूलला हे दोन्ही स्पष्ट दिसलं. अंगणातल्या कुणाला दिसलं नाही, कारण ते सगळे सुयुनबेकला मिठ्या मारत होते. “बघा,” कुणीतरी म्हणालं, “कुणी मध्ये बोललं नाही, तर आलं की नीट!” बेकमामातने हुकावर थाप मारली. कितीतरी दिवसांनी त्याची पाठ ताठ झाली होती. तो रडत होता.

बातमाकानने कडी काढली. तिने अनारकूलच्या केसांतलं गवत झटकलं.

अनारकूल थेट नवऱ्याच्या खोलीत गेली. त्याने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याजवळ बसली. त्याने तिच्याकडे बघून एकदा डोळे मिचकावले असते, नुसतं ‘निम्मी ट्रॉली होती ना?’ असं विचारलं असतं, तरी तिला पुरलं असतं.

“ऐकलंस?” ताशतान म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “तोच हूक, तोच चढ. आला की नाही?”

“निम्मीच भरली होती.”

“निम्मी काय अन् पूर्ण काय.” मग तो हळूच, तिला दुखू नये अशा आवाजात म्हणाला, “त्या दिवशी तू बोलायला नको होतंस गं.”

तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बाप जवळपास नव्हता, मामा नव्हता, दार लोटलेलं होतं. तो कुणाला वाचवायला हे बोलत नव्हता. तो मनापासून बोलत होता.

बाहेरून सासूने चहासाठी हाक मारली. अनारकूलने आधी त्याला कुशीवर वळवलं, मग उठली. त्या घरात आता खरं काय ते ठाऊक असलेली ती एकटीच उरली होती.